पोटावर जुनी चीर असताना टमी टक: कागदांपासून टाके सुकेपर्यंत

सिझर, अपेंडिक्स, पित्ताशय, गर्भपिशवी, हर्निया यांतलं एखादं ऑपरेशन आधी झालेलं असेल तर टमी टक, म्हणजे पोटाची सैल कातडी काढून पोट आवळायचं ऑपरेशन, करता येत नाही, असा समज अजून पुष्कळांचा आहे. तो बरोबर नाही. बहुतेकांना करता येतं. मात्र कोऱ्या पोटावरून जेवढी कातडी काढता येते, तेवढी चिरलेल्या पोटावरून दर वेळी काढता येत नाही. किती काढायची, कुठवर सोडवायची, बेंबीचं काय करायचं, हे जुनी चीर कुठे आहे आणि किती खोल गेली आहे यावर ठरतं. म्हणून "पोट किती सपाट होईल?" हा प्रश्न नंतरचा. आधी जुन्या चिरेचा हिशेब.

रक्त कुठून येतं

साध्या टमी टकमध्ये कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत, ओटीपोटाच्या खालच्या अंगाला आडवी चीर घेतात. तिथून कातडी आणि चरबीचा थर स्नायूंवरून सोडवत बरगड्यांपर्यंत नेतात. बाळंतपणात किंवा वजन वाढल्याने दोन बाजूंना सरकलेले पोटाचे उभे स्नायू मधोमध शिवून जवळ आणतात. मग तो थर खाली ओढून जास्तीचा भाग कापून टाकतात. बेंबी आपल्या देठावर जागच्या जागी राहते, तिच्यासाठी ओढलेल्या कातडीला नवीन भोक पाडतात.

ह्यूजर या सर्जनने १९७९ साली पोटाच्या कातडीचे रक्तपुरवठ्यानुसार तीन विभाग मांडले. आजही सर्जन त्याच नकाशावर विचार करतात. मधला विभाग उभ्या स्नायूंतून वर येणाऱ्या रक्तवाहिन्यांवर जगतो, खालचा जांघेकडून येणाऱ्या वाहिन्यांवर, आणि दोन्ही कुशींचा विभाग बरगड्यांमधून व कमरेकडून पुढे येणाऱ्या वाहिन्यांवर. टमी टकमध्ये पहिल्या दोन विभागांच्या बहुतेक वाहिन्या कापल्या जातात. खाली ओढलेली सगळी कातडी उरते ती कुशीकडून येणाऱ्या रक्ताच्या भरवशावर. तिची मधली खालची कड या पुरवठ्याच्या सगळ्यात शेवटी येते, खडकवासल्याच्या कालव्यावर टेलचं शेत असतं तशी. वाटेत आडवा बांध पडला की टेल आधी कोरडं पडतं, आणि कुशीतून येणाऱ्या वाटेवरची जुनी चीर म्हणजे तो बांध. व्रणातून बारीक वाहिन्या वर्षा-दोन वर्षांत काही प्रमाणात पुन्हा जुळतात, पण एवढी मोठी कातडी त्यांच्यावर सोडून देणं धोक्याचं असतं.

कुठली चीर किती अडवते

सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी चीर म्हणजे उजव्या बरगडीखालची तिरपी. पित्ताशय उघड्या पद्धतीने काढलं की ती येते. आता पित्ताशय बहुतेक वेळा दुर्बिणीने काढतात, पण पन्नाशी-साठीच्या पुढच्या पुष्कळांच्या पोटावर ही चीर असते. यकृताच्या शस्त्रक्रियेची चीर याच भागातली, आणखी लांब. ही चीर उजव्या कुशीतून येणारं रक्त नेमकं कापते. त्यामुळे चीर आणि पोटाची मधली रेषा यांच्यामधला तिच्याखालचा त्रिकोणी भाग, आणि तिथून खाली ओढली जाणारी कातडी, काळी पडण्याचा धोका खरा असतो.

अशा पोटावर जाणते सर्जन बेत बदलतात. उजवीकडे थर कमी सोडवतात, स्नायू शिवता येतील एवढाच मधोमध अरुंद बोगदा करतात, त्या भागात लिपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणं) टाळतात आणि कातडी ताणून शिवत नाहीत. काही वेळा दोन टप्पे करतात: पहिल्या खेपेला कातडीच्या काही वाहिन्या तोडून ठेवायच्या, दोन-तीन आठवड्यांत उरलेल्या वाहिन्या रुंदावल्या की मग पुढचं ऑपरेशन. आणि कित्येकदा सगळ्यात शहाणा बेत सगळ्यात छोटा असतो: थर न सोडवता फक्त खाली लोंबणारी घडी कापून टाकायची. वरचं पोट तसंच राहतं, कंबर बारीक होत नाही, पण चालताना घासणारी, घामाने चिघळणारी घडी जाते. चीर बघूनही "काही फरक पडत नाही, नेहमीसारखंच करू" असं कोणी म्हणालं, तर दुसरं मत घेतल्याशिवाय तारीख ठरवू नका.

मधोमध उभी चीर दिसायला भयंकर असते, पण रक्ताच्या दृष्टीने तिरपीपेक्षा सोपी. दोन्ही बाजूंना आपापल्या कुशीतून रक्त मिळतच असतं. बेंबीखालचा तिचा भाग बहुधा कापलेल्या कातडीबरोबर निघून जातो. वरचा भाग राहिला तर तो खालच्या आडव्या शिवणीला जिथे मिळतो, तो कोपरा उशिरा भरतो आणि तिथेच टाके उसवतात. या चिरेचा एक फायदाही आहे. पुष्कळ वजन उतरवलेल्या माणसाच्या पोटावर कातडी आडवीही सैल असते. अशा वेळी जुन्याच उभ्या व्रणावरून कातडी काढून कंबरही आवळता येते, नवीन उभा व्रण पडत नाही. तोटा असा की चिरेतून होणारा हर्निया, म्हणजे कच्च्या राहिलेल्या थरातून आतडं बाहेर फुगणं, मधल्या चिरेतच सगळ्यात जास्त दिसतो, आणि जाड पोटात तो बाहेरून दिसतही नाही.

सिझरची आडवी चीर सहसा अडवत नाही, उलट ती काढून टाकलेल्या भागातच जाते. दोन गोष्टी मात्र बघाव्या लागतात. चीर आत स्नायूंच्या पडद्याला चिकटलेली असेल तर तिच्यावर पोट पायरीसारखं लटकतं, ती चिकटण मुळापासून सोडवावी लागते. दुसरी गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगायची: व्रणात गाठ असेल आणि ती पाळीच्या दिवसांत दुखत किंवा फुगत असेल, तर तो गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा व्रणात रुजलेला असू शकतो. मग सोनोग्राफी किंवा एमआरआय करून, ती गाठ पूर्ण काढून तपासणीला पाठवायची, हे आधीच ठरवावं लागतं.

अपेंडिक्सची छोटी तिरपी चीर बहुतेकदा काढलेल्या कातडीत जाते. अपेंडिक्स फुटून पू झाला होता आणि लांब चीर द्यावी लागली होती, तर मात्र आत हर्निया नाही ना हे मधल्या चिरेइतक्याच काळजीने बघायचं. दुर्बिणीच्या आणि बिनटाक्याच्या ऑपरेशनचे ५ ते १२ मिलीमीटरचे व्रण कातडीचं फारसं बिघडवत नाहीत. त्यांतला बेंबीजवळचा व्रण बोटाने नीट चाचपायचा, कारण तिथे बारीक हर्निया राहून जातो.

बेंबीचा हर्निया आधी शिवलेला असेल तर बेंबीच धोक्यात असते. तिला रक्त दोन वाटांनी मिळतं: भोवतालच्या कातडीतून आणि देठातून. हर्नियाच्या ऑपरेशनात देठाचं रक्त तुटलेलं असू शकतं आणि टमी टकमध्ये भोवतालची कातडी कापली जाते. दोन्ही वाटा बंद झाल्या की चार-पाच दिवसांत बेंबी काळी पडते. म्हणून बेंबी गेली तर नवीन बेंबी कशी आणि केव्हा करणार, हे आधी विचारून संमतिपत्रात लिहून घ्या.

हर्निया शिवताना आधाराला जाळी बसवलेली असेल, तर ती कुठल्या थरात आहे त्यावर पुढचं अवलंबून. स्नायूंच्या वर असेल तर थर सोडवताना ती उघडी पडते, जंतू शिरले तर काढावी लागू शकते. स्नायूंच्या मागे किंवा पोटाच्या आत असेल तर कातडीचं काम सोपं होतं, पण जाळीवरचे स्नायू मनासारखे जवळ ओढता येत नाहीत.

पूर्वी केलेलं लिपोसक्शन कोणी ऑपरेशनांत मोजत नाही. ते मोजा. व्रण तीळाएवढे असले तरी आत चिकटण झालेली असते आणि वाहिन्या कमी झालेल्या असतात. मेंदूतलं पाणी पोटात सोडणाऱ्या शंटची नळी, बसवलेली किडनी, पूर्वी पोटावर शौचाची पिशवी लावलेली जागा, पोटाला दिलेलं रेडिएशन यांतलं काही असेल तर ते पहिल्या भेटीत पहिल्या वाक्यात सांगा. शंटची नळी तर कातडीखालूनच जाते, चरबी काढायच्या नळीने ती तुटू शकते.

कागद

डिस्चार्ज कार्डवर बहुधा ऑपरेशनचं नाव आणि औषधं एवढंच असतं. सर्जनला हवी असते ती ऑपरेशन नोट: चीर कुठे घेतली, कुठला थर कशाने शिवला, जाळी कुठली, किती मोठी, कुठे ठेवली. जाळीच्या पाकिटावरचा स्टिकर पुष्कळदा केसपेपरवर चिकटवलेला असतो, त्याची झेरॉक्स मागा. दाखल रुग्णांचे कागद डॉक्टरांनी किमान ३ वर्षं ठेवावेत आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

जुने कागद मिळाले नाहीत तर एका पानावर आठवेल ते लिहा. वर्ष, किती दिवस दाखल होता, नळी लावली होती का, चिरेतून पू आला होता का, टाके पुन्हा घालावे लागले का, भुलेचा त्रास झाला का, रक्त द्यावं लागलं का. यात पू येणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण पिकलेल्या चिरेचा आतला थर कच्चा राहतो आणि हर्निया तिथूनच येतो. कागदावर पोटाचं साधं चित्र काढून प्रत्येक व्रणाची जागा आणि सेंटीमीटरमध्ये लांबी मांडली तर डॉक्टरांची निम्मी चौकशी तिथेच उरकते.

घरी पोट तपासणं

कडक गादीवर पाठीवर झोपा, गुडघे सरळ ठेवा. पोट बरगड्यांच्या पातळीखाली आत जातं का बघा. आत न जाता घुमटासारखं वरच राहिलं तर चरबी आतड्यांभोवती आहे. ती टमी टकने निघत नाही, आणि तशा पोटावर स्नायू आवळून शिवले तर श्वासाला त्रास होतो. अशा वेळी आधी वजन उतरवायचं.

आता गुडघे वाकवा, हात बाजूला ठेवून फक्त डोकं आणि खांदे उचला. मधोमध बरगड्यांपासून बेंबीपर्यंत लांबट उंचवटा आला, तर स्नायू दोन बाजूंना सरकलेले आहेत. बोटं आडवी ठेवून मधली फट मोजा, साधारण २ सेंटीमीटरच्या वर असेल तर ती खरी फट धरतात. पण व्रणाजवळ एकाच जागी गोल फुगवटा आला, दाबल्यावर गुडगुड करत आत गेला, तर तो हर्निया समजा. उभं राहून व्रणावर बोट ठेवा, जोरात खोका, बोटाला धक्का लागतो का बघा. एवढ्यावर निदान होत नाही, पण डॉक्टरांना काय सांगायचं ते कळतं.

मग व्रणाची कातडी चिमटीत धरून चारी बाजूंना सरकवा. सरकत नाही ती जागा आत चिकटलेली. व्रण कडेच्या बाहेर पसरून जाड, खाजरा झालेला असेल तर तुमची कातडी केलॉइडकडे झुकणारी आहे, आणि टमी टकचा व्रण जुन्यापेक्षा कितीतरी लांब असणार. शेवटी घडी उचलून खालची कातडी बघा. ओलसर लाल चट्टे किंवा बुरशी असेल तर ती पूर्ण बरी होईपर्यंत तारीख घेऊ नका.

डॉक्टर आणि तपासण्या

शिक्षण बघताना एमसीएच किंवा डीएनबी, तेही प्लास्टिक सर्जरीत, हे बघा. नुसतं "कॉस्मेटिक सर्जन" लिहिलेली पाटी म्हणजे ती पदवी नव्हे. नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत तपासता येतं. पुण्यातल्या हॉस्पिटलची महापालिकेकडे नर्सिंग होम म्हणून नोंदणी असते, ते प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असायला हवं. जुनी मोठी चीर, हर्निया किंवा जाळी असेल तर छोट्या डे-केअरमध्ये करू नका. आयसीयू त्याच इमारतीत हवं, आणि हर्निया दुरुस्त करणारा जनरल सर्जन त्याच टेबलावर हजर हवा.

मधली चीर, जाळी, जाड पोट किंवा शंका असेल तर पोटाचा सीटी स्कॅन करून घ्या. सोनोग्राफीत जाड पोटातला बारीक हर्निया निसटतो. हर्निया न कळता लिपोसक्शन केलं तर नळी थेट आतड्यात शिरू शकते. या ऑपरेशनातली ही सगळ्यात भयंकर चूक आहे, आणि एका स्कॅनने टळते. बाकी रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, छातीचा एक्स-रे नेहमीचे. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाच्या गोळ्या सुरू करून दोन-तीन महिने थांबा. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ७ च्या आसपास आणून मगच टेबलावर जा.

भेटीत हे विचारा: माझ्या या चिरेमुळे तुम्ही बेतात नक्की काय बदलणार? थर कुठवर सोडवणार? लिपोसक्शन कुठे करणार, कुठे नाही? आत हर्निया सापडला तर त्याच वेळी शिवणार का, जाळी कुठल्या थरात ठेवणार? नवीन व्रण कुठे येईल ते माझ्या पोटावर पेनने काढून दाखवा. जो सर्जन पेन हातात घेऊन उभं राहायला सांगतो, बसवतो, वाकवून बघतो, त्याच्या उत्तरांवर विश्वास ठेवायला जागा असते.

केव्हा करायचं

पोटाच्या मागच्या ऑपरेशननंतर किमान ६ महिने, शक्यतो वर्षभर जाऊ द्या. व्रण मऊ आणि फिकट व्हायला १२ ते १८ महिनेही लागतात. बाळाचं अंगावरचं दूध सुटून ३ ते ६ महिने झालेले हवेत, आणि पुढे मूल हवं असेल तर आत्ता करूच नका, शिवलेले स्नायू गरोदरपणात पुन्हा ताणले जातात. वजन ६ महिने एकाच जागी असावं, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० च्या आत असेल तर जखम भरायला सोपं जातं. वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने थांबतात.

तंबाखूबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे, कारण जुन्या चिरेच्या पोटावर कातडी मरण्याचं सगळ्यात मोठं टाळता येण्याजोगं कारण तेच आहे. निकोटिन वाहिन्या आवळतं. बिडी-सिगारेट तर आलीच, पण मिश्री, तपकीर, मळलेली तंबाखू, गुटखा यांतलं निकोटिनही हिरड्यांतून आणि नाकातून रक्तात जातं. सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणाऱ्या कित्येक बायका "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला मनापासून "नाही" म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. आई, सासू, मावशी यांना दवाखान्यात घेऊन जाणाऱ्यांनी मिश्रीचं नाव घेऊन विचारावं. ऑपरेशनआधी किमान ४ आठवडे आणि नंतर ४ आठवडे पूर्ण बंद. निकोटिनचे गम आणि पट्ट्याही चालत नाहीत.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, हार्मोनच्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल सगळं सांगा. अ‍ॅस्पिरिन किंवा हृदयाची गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका. वजनासाठी आठवड्याला घ्यायची सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडची इंजेक्शनं चालू असतील तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. त्यांनी जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि भुलेत उलटी फुफ्फुसात जाण्याची भीती असते.

पुण्याचं वेळापत्रकही बघायला हवं. एप्रिल-मेच्या उन्हात सहा आठवडे पोटपट्टा घालणं म्हणजे घामोळं आणि ओली शिवण. थंडीत पट्ट्याचा त्रास कमी, पण ज्यांना दर हिवाळ्यात खोकला धरतो त्यांनी हा ऋतू टाळावा, कारण एकेक ठसका स्नायूंच्या शिवणीवर पडतो. पेठांत राहत असाल तर पहिला आठवडा गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीवर येईल असं करू नका. लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता बंद असताना रक्तस्राव झाला तर गाडी दारात येणार नाही. पालखीच्या मुक्कामाच्या दिवसांचंही तेच.

ऑपरेशनचा दिवस

घट्ट अन्न ६ तास आधी बंद, साधं पाणी भूलतज्ज्ञ सांगतील त्याप्रमाणे २ तास आधीपर्यंत. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, तो अन्नात धरतात. पहाटे "अर्धा कप चहा घेतला" म्हणून ऑपरेशन पुढे जातं. ऑपरेशन पूर्ण भुलेखाली, साधारण २ ते ४ तासांचं, हर्निया असेल तर जास्त. मुक्काम १ ते ३ दिवस.

पहिले पंधरा दिवस

घरी पलंगावर डोक्याखाली दोन-तीन आणि गुडघ्यांखाली दोन उशा ठेवा, म्हणजे कंबर वाकलेली राहते आणि शिवणीवर ताण येत नाही. सरळ आडवं झोपायचं नाही. आठवडा-दहा दिवस वाकूनच चालायचं. तिरप्या चिरेच्या पोटावर हे दुप्पट पाळा, कारण ताणली गेलेली कातडी रक्त गमावते. पण वाकून का होईना, त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी उठून चालायला लागायचंच. सौंदर्याच्या शस्त्रक्रियांमध्ये पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका टमी टकमध्ये सगळ्यात जास्त धरतात. दर दोन तासांनी घरात पाच मिनिटं फेऱ्या, पलंगावर असताना पावलं वर-खाली.

कातडीखालचं पाणी बाहेर यावं म्हणून ऑपरेशनमध्ये नळी ठेवतात. तिचा डबा किंवा बल्ब रोज ठरलेल्या वेळी, सकाळी आणि रात्री, रिकामा करा. हात धुवा, नळी पोटाजवळ एका हाताने घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी डब्याच्या दिशेने निपटत न्या, म्हणजे अडकलेली गुठळी सुटते. झाकण उघडून पाणी मोजपात्रात ओता, डबा दाबूनच झाकण लावा, नाहीतर ओढ राहत नाही. तारीख, वेळ, किती मिली, रंग वहीत लिहा. एका नळीतून २४ तासांत ३० मिलीपेक्षा कमी आलं की सर्जन बहुधा ती काढतात. लालसर गुलाबी पाणी पिवळट होत जायला हवं. तासाभरात डबा गडद लाल रक्ताने भरला तर फोन करून लगेच निघायचं.

पोटपट्टा ४ ते ६ आठवडे. तो घट्ट म्हणजे चांगला, असं नाही. पट्ट्याखाली तळहात सरकला पाहिजे. फार आवळला तर कातडीचं रक्त दबतं, आणि जुन्या चिरेखालची कातडी त्यालाच बळी पडते. काही सर्जन तिरप्या चिरेच्या रुग्णांना पहिले काही दिवस पट्टाच देत नाहीत. दुकानदाराच्या सल्ल्याने एक साइज लहान घेऊ नका.

शेक देऊ नका. बाळंतपणातल्या शेक-शेगडीच्या सवयीने घरची मोठी माणसं प्रेमाने गरम पाण्याची पिशवी आणून देतात. पोटाची कातडी काही महिने बधिर असते, भाजल्याचं कळत नाही, आणि फोड आलेला दुसऱ्या दिवशी दिसतो. बर्फाचंही तसंच.

बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, इसबगोल आणि भरपूर पाणी पहिल्या दिवसापासून. भारतीय संडास असेल तर खुर्चीचा कमोड आधीच आणून ठेवा. ६ आठवडे ४-५ किलोच्या वर काही उचलायचं नाही: पाण्याची बादली नाही, १४.२ किलो गॅस भरलेला सिलिंडर सरकवणंही नाही, मूल कडेवर नाही. मूल मांडीवर घ्यायचं तर दुसऱ्याने उचलून द्यावं. दुचाकी तीन-चार आठवडे बंद. पुण्यात हे पाळणं अवघड जातं, पण स्पीडब्रेकरचा दणका आणि गाडी मेन स्टँडला लावताना बसणारा झटका, दोन्ही थेट शिवणीवर येतात.

काय बिघडतं, आणि कसं ओळखायचं

सर्वांत नेहमीचा त्रास म्हणजे कातडीखाली पाणी साठणं. नळी काढल्यावर आठ-दहा दिवसांनी पोटाला टिचकी मारली तर पाण्याच्या पिशवीसारखी लाट हलते. सर्जन ते सुईने काढतात, दोन-चार वेळा काढावं लागतं. घरी दाबून काढायचा प्रयत्न करू नका.

कातडी मरायला लागली तर खुणा दुसऱ्या ते पाचव्या दिवसात दिसतात. आधी निळसर-जांभळा डाग, मग फोड, मग काळी कडक खपली. जागा बहुधा मधोमध, शिवणीच्या वर, किंवा जुन्या चिरेच्या खाली. रोज उजेडात एकाच जागेवरून फोटो काढा आणि डॉक्टरांना पाठवा. वेळीच कळलं तर पट्टा सैल करणं, ताण कमी करणं, काही टाके सोडणं एवढ्यावरही नुकसान आटोक्यात राहतं. छोटी खपली ड्रेसिंगवर काही आठवड्यांत भरते. मोठी असेल तर ती काढून नंतर कातडी बसवावी लागते.

एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, एकदम धाप लागली, छातीत दुखलं तर सर्जनच्या फोनची वाट न बघता १०८ लावा. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वाराही सरत नसेल तर हर्निया शिवलेल्या किंवा आत चिकटण असलेल्या माणसात आतडं अडकल्याची शंका घ्यायची. हेही त्याच दिवशीचं काम. ३८.५ सेल्सियसच्या वर ताप, पसरत जाणारी लाली, दुर्गंधी पू यांना रात्र जाऊ देऊ नका.

पैसे

सौंदर्यासाठीचं ऑपरेशन आरोग्य विम्यात बसत नाही, पॉलिसीच्या वगळलेल्या बाबींत ते स्पष्ट लिहिलेलं असतं. हर्निया मात्र आजार आहे. तो त्याच वेळी दुरुस्त होणार असेल तर सीटीचा रिपोर्ट जोडून विमा कंपनीची परवानगी आधी घ्या, आणि हर्नियाचं व टमी टकचं बिल वेगवेगळं करायला सांगा. हर्नियासाठी पॉलिसीत प्रतीक्षा काळ असतो, तो संपलाय का बघा. टमी टकचा खर्च हर्नियाच्या नावाखाली दाखवायला कोणी सुचवलं तर नकार द्या. दावा फेटाळला जातोच, पण ऑपरेशनची नोंदही खोटी होते, आणि पुढच्या सर्जनला तुमच्या पोटात काय केलंय ते कळत नाही. पॅकेज ठरवताना पाणी काढायच्या भेटी, ड्रेसिंग, पोटपट्टा, जीएसटी आणि गुंतागुंत झाल्यास पुन्हा ऑपरेशन थिएटरचा खर्च कोणाचा, हे कागदावर घ्या.

व्रणाची निगा

शिवण पूर्ण सुकली, खपल्या पडल्या की, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून, सिलिकॉनची पट्टी किंवा जेल सुरू करतात. पट्टी दिवसाचे १२ तास तरी लावायची आणि किमान ३ महिने चालू ठेवायची. पट्टी रोज धुवा, घामोळं आलं तर एक दिवस सोडा. पूर्वीचा व्रण केलॉइड झाला होता त्यांनी व्रण जाड व्हायला लागताच दाखवावं, इंजेक्शन सुरुवातीला दिलं तर कमी लागतं. शिवणीच्या टोकांना उरलेले फुगवटे आणि थोडी उंच-सखल कड पहिल्या काही महिन्यांत बरीच बसते. त्यांच्या दुरुस्तीची घाई करू नका. ती ६ महिन्यांनंतर, सूज पूर्ण उतरल्यावर करायची आणि बहुधा जागा बधिर करून होते.